तपासणीपुरती साखर

लॅबच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी बायकोचा शुगरचा रिपोर्ट सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. "दोनशे नव्वद! अगं, तपासणीआधी दोन दिवस तरी भात सोडायचास. सगळे सोडतात."

ती मान खाली घालून म्हणाली, "जेवणच जात नाही हो. सकाळी उठावंसं वाटत नाही, गोळ्या राहून जातात. उगाच रडू येतं."

"नुसती थेरं!" गृहस्थ आमच्याकडे बघून हसले आणि आम्ही सगळे मधुमेही हसलो.

काय लायकीची माणसं आम्ही! महिनोन्‌महिने वाट्टेल ते चापायचं, दोन दिवस कारल्याचा रस पिऊन आकडा गोंडस करायचा आणि डॉक्टरांची शाबासकी घेऊन थेट मिठाईच्या दुकानात शिरायचं. मन खचलं की साखर चढते, साखर चढली की मन आणखी खचतं, हे आम्ही भोगलेलं असतं. पण कबूल कोण करणार? साखर झाली तर आजार, रडू आलं तर थेरं.

माझा रिपोर्ट आला. एकशे दहा.

"बघ, यांच्याकडून शीक जरा," गृहस्थ तिला म्हणाले.

कालच बाथरूमचा नळ सोडून रडलेला मी नम्रपणे हसलो.