वरचे चार वेढे

सांगलीत कुणाची पाण्याची मोटर जळाली, की लोक त्याला आकारामअण्णांच्या दुकानाकडे पिटाळत. अण्णा सतरा वर्षं फौजेत इलेक्ट्रिशियन होते. घरी आले आणि मोटरी भरायला बसले. म्हणजे जळकी तार उपसायची आणि नवी गुंडाळायची. काम चोख, तोंड फटकळ. त्यांच्याशी हुज्जत घालणाऱ्याची मोटर आठवडाभर कोपऱ्यात धूळ खात पडायची, मग शेतात ऊस वाळो नाहीतर काही होवो.

त्यांची एकुलती मुलगी क्रांती. साताऱ्याला एमएस्सी करून ती पुण्याला संशोधनाला गेली, तेव्हा अण्णांनी भावकीत सांगून टाकलं, की पोरगी धातूचं शिकते. कसला धातू, असं कुणी विचारलं की अण्णांची गाडी तिथंच अडायची. क्रांती म्हणायची, टोपॉलॉजिकल अर्धधातू. म्हणजे धड धातू नव्हे आणि धातू नाही असंही नव्हे. "मग हाय तरी काय?" तिची आई अंबूबाई विचारायची आणि उत्तराची वाट न बघता भाकरी थापायला वळायची. पाच वर्षं मुलगी काय करते ते घरात कुणालाच उमगलं नाही. अण्णांना याची मनातून फार लाज वाटे.

आणि एके दिवशी क्रांती दुकानात येऊन म्हणाली, "अण्णा, मला एक कॉइल भरून द्याल?"

तिच्याकडे तांदळाच्या कणीएवढा एक स्फटिक होता. तिनंच महिनाभर भट्टी सांभाळून वाढवलेला. तो जबर चुंबकात ठेवून चुंबकाचा जोर वाढवत नेला, की स्फटिकाचा स्वतःचा चुंबकपणा किंचित वरखाली होतो, लाटा याव्यात तसा. त्या लाटा किती अंतरानं येतात यावरून आतले इलेक्ट्रॉन कसल्या वाटांनी पळतात ते कळतं. या स्फटिकात कुणी न पाहिलेली एक वाट निघणार, असं क्रांतीनं गणितानं मांडून ठेवलं होतं. ते खरं की खोटं, हे परदेशातल्या एका मोठ्या चुंबकावर ठरणार होतं. तिथं तिला चार दिवस मिळाले होते. सगळी पीएचडी त्या चार दिवसांवर येऊन ठेपली होती.

"पण चुंबकाचाच गोंगाट एवढा, की स्फटिकाचं बोलणं ऐकूच येत न्हाई," ती सांगू लागली. "म्हणून पाचशे वेढे सुलटे, पाचशे उलटे. दोनी गुंडाळ्या सारख्या असल्या, की चुंबकाचा गोंगाट आपसात फिटून जातो. स्फटिक एकाच गुंडाळीत बसवायचा. मग उरतं ते त्याचंच."

अण्णा सरसावून बसले. "आगं, मग हे आदी सांगायचंस की! हे मला कळतंय."

दोन दिवस बापलेक भिंगाखाली डोकं घालून बसले. तार केसाहून बारीक. अण्णा गुंडाळायचे, क्रांती मोठ्यानं मोजायची. अण्णांच्या आयुष्यात इतके सुखाचे दिवस फार आले नाहीत.

पुढं आठवड्यानं तिचा फोन आला. जोडणी करताना कॉइलची तार आतून तुटली होती आणि दुसऱ्या दिवशी तिचं विमान होतं. अण्णा लगेच दुसरी भरायला बसले, पण या वेळी मोजायला शेजारी कुणी नव्हतं.

आता अण्णांची एक सवय सांगायला हवी. कुठलीही मोटर भरली, की शेवटी ते चार वेढे जास्तीचे द्यायचे. शेंगांच्या मापावर वर एक मूठ टाकतात, तसे. गिऱ्हाइकानं मागितलेले नसायचे, अण्णांच्या मनानं दिलेले. तीस वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते, मग पोटच्या पोरीला कसे चुकतील? दोन्ही गुंडाळ्या सारख्या हव्यात हे डोक्याला पक्कं ठाऊक होतं, पण हाताला कोण सांगणार? वर व्हार्निश चढवून, भट्टीत सुकवून त्यांनी कॉइल औषधाच्या डबीत घातली आणि पुण्याच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे दिली. क्रांतीनं ती स्टँडवर घेतली आणि तसाच विमानतळ गाठला.

परत आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. "स्फटिकच खराब निघाला, अण्णा."

"पण कॉइल चालली न्हवं?"

"कॉइल एक नंबर."

अण्णांनी ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवलं. वर पोरीलाच दटावलं, की एवढ्या लांब जायचं तर स्फटिक नीट पारखून न्यावा. ती मान खाली घालून ऐकत राहिली. तिची शिष्यवृत्ती संपली, पीएचडी अर्धवट राहिली, आणि ती साताऱ्यात अकरावी-बारावीला शिकवू लागली. या सगळ्याला तीन वर्षं झाली.

यंदा फाल्गुनात एका मोटरीचा हिशेब टिपायला अण्णांना कोरा कागद हवा होता. माळ्यावरची क्रांतीची वही त्यांनी काढली. इंग्रजी त्यांना वाचता येत नसलं तरी आकडे येत होते, आणि स्वतःच्या कॉइलचं चित्र तर कुणालाही ओळखू येईल. चित्रापुढं लिहिलं होतं: सुलटे ५००, उलटे ५०४. खाली तीन रेघा मारलेल्या. त्या दिवशी दुकान दुपारीच बंद झालं.

रविवारी क्रांती आली, तेव्हा त्यांनी वही तिच्यापुढं उघडून ठेवली. तिनं पाहिलं आणि वही मिटून बाजूला ठेवली.

"किती दिवस गेले त्यात?" अण्णांनी विचारलं.

"तीन. बिघाड कुठं हाय तेच कळंना. कळलं तवा व्हार्निश दगडावानी झालतं, वेढे सुटंनात."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"अण्णा, तुमाला माझं काम पहिल्यांदा कळलं हुतं. मला त्याचा लय आनंद झालता. त्यो मोडायला मन झालं न्हाई."

अण्णा उठले आणि तारेचं रीळ धुंडाळू लागले. "मी दुसरी भरतो. आत्ता भरतो. तू बसून मोज."

"नगं, अण्णा. गेल्या वर्षी भायेरच्या लोकांनी तेच मोजलं. छापूनबी आलंय."

अण्णांचे हात थांबले. "काय निघालं त्यात?"

"मी मांडलं हुतं तेच."

"म्हंजे तुझं बरुबर हुतं, पोरी."

हे वाक्य तिला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. ना तिच्या सरांनी, ना बरोबरच्या पोरांनी. क्रांतीनं मान हलवली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं. अण्णांना तिला जवळ घ्यायचं होतं, पण त्यांचा हात पुढं होईना.