मिलिंद, मोराग आणि संध्याकाळची बस

मिलिंद काल गेला. झोपेत, शांतपणे वगैरे नाही. हॉस्पिटलमध्ये, बऱ्यापैकी त्रास होऊन.

स्कॉटलंडमधल्या एका लहानशा गावात. तिथे मराठी बोलणारी माणसं दोनच होती, तो आणि त्याची बायको अनघा.

ज्यांना तो आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. इथे सिंगापूरला, क्लेमेंटीत आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. तांजोंग पगारच्या ऑफिसात आम्ही एकाच टीममध्ये होतो. गणपतीत आरती अर्ध्यात विसरायचा आणि टाळ्या जोरात वाजवून वेळ मारून न्यायचा.

२०११ मध्ये अनघाला तिकडे नर्सची नोकरी लागली. हा इथला एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा परवाना, कॅन्सल करून तिच्यामागे गेला. बायकोच्या नोकरीसाठी गेला म्हणून इथे काही जणांनी नाकं मुरडली. त्याला त्याचं काही नव्हतं.

पुढच्याच वर्षी त्याचा फोन.

"शुभा, मला मत आहे!"

"कशाबद्दल?"

"अगं, मतदानाचं! कौन्सिलच्या निवडणुकीत. कॉमनवेल्थवाल्यांना देतात इथे. फुली नाही मारायची. एक, दोन, तीन असे नंबर लिहायचे."

इतकी वर्षं सिंगापूरमध्ये राहून आम्हाला मत नव्हतं. भारतातलं फक्त यादीत, तिथे गेल्याशिवाय टाकता येत नाही. त्यामुळे तो एवढा का नाचतोय ते मला कळलं. पण माझी क्वार्टर क्लोजिंग चालू होती, मी फोन ठेवला.

मग २०१७. कौन्सिलने संध्याकाळची बस बंद करायचं काढलं.

अनघाच्या हॉस्पिटलहून गावात येणारी ती शेवटची बस. या दोघांपैकी गाडी कोणालाच चालवता येत नव्हती. बस गेली की अनघाची नोकरी गेली, इतकं सरळ होतं.

मिलिंद निवडणुकीला उभा राहिला. अपक्ष.

आपल्या जुन्या ग्रुपवर फोटो आला. हातात पत्रकं, बोटाला बँडेज. दाराच्या फटीतून पत्रक सरकवताना आतून कुत्रा चावला होता. ग्रुपवर दोन दिवस त्या कुत्र्यावरच चर्चा.

तेवढ्यात कळलं की त्याच वॉर्डात मोराग नावाच्या बाईही उभ्या आहेत. शाळेच्या किचनमधून रिटायर झालेल्या. त्याही अपक्ष आणि त्याही बससाठीच.

झालं. ग्रुपवर सगळे राजकीय पंडित जागे झाले.

"मतं खाणार तू तिची."

"एकाने माघार घ्या, नाहीतर दोघंही आपटाल."

"पैसे घेऊन उभा आहेस का रे कोणाचे?" हा विनोद होता म्हणे.

मीही फोन करून झापलं त्याला. दोघं एकाच मुद्द्यावर उभे राहिलात तर तिसऱ्याचं फावणार, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

तो शांतपणे म्हणाला, "इथे मतं खाल्ली जात नाहीत गं. पुढे सरकतात. वॉर्डातून तीन जण जाणार. मी बाद झालो तर ज्यांनी मला एक नंबर दिलाय, त्यांची मतं त्यांच्या दोन नंबरकडे जातात."

"आणि दोन नंबर कोणाला देणार लोक?"

"मोरागला. मी सांगतोय ना प्रत्येक दारात. मला एक, तिला दोन. तीही सांगते, तिला एक, मला दोन."

प्रतिस्पर्ध्यासाठी मतं मागणारा उमेदवार मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी म्हटलं, तू निवडणूक लढवतोयस की भोंडल्याला बायका बोलावतोयस? तो पोटभर हसला.

शुक्रवारी मोजणी. तिकडे दुपार, इकडे ऑफिस सुटायची वेळ. मी रॅफल्स प्लेसला एमआरटीच्या प्लॅटफॉर्मवर उभी. तो हॉलमधून मेसेज टाकत होता.

दोन जागा मोठ्या पक्षांच्या लोकांनी सरळ घेतल्या. राहिली एक. तिच्यासाठी एक पक्षाचा माणूस पुढे, त्याच्यामागे मोराग, सगळ्यात खाली मिलिंद.

मग मेसेज आला. "मी बाद."

मी दोन गाड्या सोडल्या. का, ते माहीत नाही.

मग आला, "माझी मतं तिच्याकडे गेली. मोराग आली!!!"

तीन उद्गारचिन्हं. स्वतःच्या लग्नाच्या आमंत्रणात त्याने एकही टाकलं नव्हतं.

घरी मुलीला सांगितलं. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "But he lost what. Why so happy?" मलाही तोच प्रश्न होता. रात्री फोनवर विचारलंच, एवढे दरवाजे वाजवून तुला काय मिळालं?

"बस राहील आता," तो म्हणाला. आणि चहा टाकायला गेला.

बस राहिली. मोरागबाईंनी कौन्सिलमध्ये भांडून भांडून ती टिकवली. मिलिंद दर मीटिंगला मागच्या खुर्चीत जाऊन बसायचा म्हणे.

गेल्या वर्षी त्याला कॅन्सर निघाला. शेवटचे महिने तो अनघाच्याच हॉस्पिटलमध्ये होता. ती ड्युटी संपली की त्याच्याजवळ बसायची आणि संध्याकाळी घरी जायची. रोज.

आज सकाळी तिच्याशी बोलले. आवाज स्थिर होता. काल तो गेल्यावर सह्याबिह्या झाल्या आणि ती एकटीच निघाली, असं म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, अशा वेळी तरी टॅक्सी करायचीस ना."

"टॅक्सी कशाला?" ती म्हणाली. "बस होती ना शुभा. त्याने दारोदार फिरून ठेवलेली. काल तीच धरून घरी आले."



मला खूप वाईट वाटतंय. एवढंच लिहायचं होतं, बाकीचं लांबत गेलं.

मिलिंद, तुला मनापासून नमस्कार.