सत्तारभाईंचा पेला

सत्तारभाई शिरूरला आमच्या शेजारी राहायचे. कल्हईवाले. कवठे येमाईपासून केंदूरपर्यंत ज्या घरांत पितळेची भांडी उरली होती, त्यांचा स्वयंपाक सत्तारभाईंच्या हातच्या कल्हईवर व्हायचा.

२००३ साली त्यांना धाप लागू लागली. छातीत पाणी झालंय म्हणून डॉक्टरांनी ते सुईनं काढलं आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. त्याच महिन्यात त्यांच्या मुलीला, निलोफरला, दौंडला मुलगी झाली, शिरीन. व्याही अजीमभाईंनी निरोप धाडला, खोकला जाईपर्यंत येऊ नका.

मदिनाभाभींनी नवऱ्याच्या पेल्याला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला, चुकून कुणी उचलू नये म्हणून. लोकांनी भांडी देणं बंद केलं. माझंही सांगते. मी त्यांना कान तुटलेल्या कपात चहा द्यायचे आणि तो कप बाहेरच ठेवायचे. देवापुढे मात्र रोज हात जोडायचे.

"ताई, जगाच्या भांड्यांना कल्हई केली, आन् माझाच कप बाहेर व्हय?" ते हसायचे. हसता हसता धाप लागायची.

गोळ्यांचे सहा महिने संपले तरी पाणी भरतच होतं. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी ते तपासायला पाठवलं. टीबी नव्हताच. कॅन्सर होता, फार क्वचित दिसणारा. गाठ कुठंच नाही, सगळा त्या पाण्यातच. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी भाभींना हळूच सांगितलं. सत्तारभाईंनी ते ऐकलं आणि एकच विचारलं, "सायेब, दुसऱ्याला लागतो का ह्यो?"

"नाही."

"मंग तेवढं मराठीत लिहून द्या."

चिठ्ठी खिशात घालून दुसऱ्याच दिवशी ते एसटीनं दौंडला निघाले. भाभी आणि मी सोबत होतो. वाटेत दोनदा म्हणाले, "आता घेतो शिरीनला मांडीवर."

अजीमभाईंनी चिठ्ठी दारातच उभं राहून वाचली. म्हणाले, "टीबी आसता तर बरा तरी झाला आसता, भाई. ह्यो त्याच्याहून वाईट. लेकरू लहान हाय, समजून घ्या."

निलोफर शिरीनला घेऊन आतल्या दाराशी आली. रडत होती, पण उंबरा काही ओलांडला नाही. सत्तारभाईंनी लांबूनच हात हलवला. पोरगी हसली.

दौंडहून परतल्यावर सतराव्या दिवशी ते गेले.

चाळिसाव्याला दौंडची मंडळी आली. जेवण सत्तारभाईंनीच कल्हई केलेल्या पातेल्यांत शिजलं होतं. सगळे पोटभर जेवले. शिरीन रांगत रांगत मोरीपाशी गेली. तिथं तो ठिपक्याचा पेला तसाच होता. तिनं दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावला.

"अरे, घ्या त्यो काढून!" अजीमभाई ओरडले. त्यांनी पेला हिसकावून दारापुढच्या गटारात फेकला. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली.

मदिनाभाभी उठल्या. पदर खोचून गटारात उतरल्या, पेला काढला, ठिपका जाईपर्यंत राखेनं घासला. भरून आणून सगळ्यांसमोर त्यातलं पाणी प्याल्या आणि फळीवर बाकीच्या पेल्यांत नेऊन ठेवला.

त्यानंतर त्या घरात एकाही पाहुण्यानं पाणी मागितलं नाही.