चैत्रातली खरड छाटणी

मी तासगावकडचा. द्राक्षवेलीला कात्री कशी लावायची हे मला कुणी शिकवायला नको, ही मस्ती घेऊनच बहारीनला गेलो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मनामा शहरातल्या अदलिया भागात एका ग्रीक जोडप्याकडं ड्रायव्हर होतो. बागेचं कामही माझ्याकडंच.

मॅडमनं ग्रीसमधल्या तिच्या बेटावरून द्राक्षाची काडी आणून मागच्या अंगणात लावली होती. असिर्तिको म्हणायची ती, वाइनची पांढरी द्राक्षं. ते बेट ज्वालामुखीचं. माती म्हणजे नुसती राख, पाऊस जेमतेम, वारा भयंकर. म्हणून तिथं वेल मांडवावर चढवत नाहीत, जमिनीवरच टोपलीसारखी गुंडाळतात, घड आत झाकलेले राहतात. मला हसू यायचं. ही वेल म्हणायची की कोंबड्यांचं खुराडं!

चौथ्या वर्षी मॅडमला कॅन्सर निघाला. उपचाराला दोघं मायदेशी निघाले तेव्हा वेल नुकती फुटत होती. मॅडम म्हणाली, "यंदा पहिले घड धरतील. मी खायला येणार. तू फक्त पाणी घाल."

फक्त पाणी घालायला मी काय साधा माळी होतो? आमच्याकडं वेल वर्षातून दोनदा छाटतात. चैत्रात खरड छाटणी, वेल पार बोडकी करायची. तेव्हाच्या फुटीला घड आले तर तेही खुडायचे, कारण आमचं पीक ऑक्टोबरच्या छाटणीचं. चैत्र लागला आणि माझे हात शिवशिवायला लागले. टोपली उलगडली, काड्या कापल्या, बारीक हिरवे घड दिसले तेही खुडले. वेल जोमानं फुटेल, मॅडम खूश होईल, एवढंच मनात होतं, देवाशपथ. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

आठवड्यानं साहेबाचा फोन आला. "तिची तब्येत बरी नाही. घड धरले का विचारतेय. ऑगस्टमध्ये पिकतील ना, तोवर फोटो तरी पाठव."

म्हणजे मी खुडले तेच घड पिकायचे होते. "धरलेत साहेब, भरपूर," मी म्हणालो.

मनामाच्या बाजारातून द्राक्षांची पेटी आणली. पेटीवर छापलेलं गाव आमचंच. त्यातले दोन घड बोडक्या वेलीला दोऱ्यानं बांधले, फोटो काढला आणि साहेबाच्या ऑफिसमधल्या एकाबरोबर धाडला. एप्रिलात घडातले मणी ज्वारीच्या दाण्याएवढे असतात, हे मला कळत होतं की! पण मॅडम बँकेत नोकरी केलेली बाई, तिला काय कळतंय, असं धरून चाललो.

जूनमध्ये साहेब एकटाच परतला. विमानतळावरून निघालो, शहरात येणारा पूल ओलांडला. मग त्यानं तो फोटो माझ्यापुढं धरला.

"तिच्या वडिलांचा द्राक्षमळा होता," तो म्हणाला. "फोटो बघताक्षणी म्हणाली, यानं वेल छाटली. मग हसली. शेवटचं हसली ती तेव्हाच. म्हणाली, त्याला रागावू नकोस. पुढच्या वर्षी कात्री लावू नको म्हणावं."

मी "हो साहेब" म्हणालो. उघडी पडलेली वेल मे महिन्यातच उन्हानं जळून गेली होती, आणि घर आता दहा मिनिटांवर आलं होतं.