सामानाजवळ कुणीतरी हवं

परवा शुक्रवारी वरच्या मजल्यावरची बाई चहाला आली आणि बसता बसता तिने विचारलं, "मग, थायलंडच्या बेटावर काय काय पाहिलंस?" मी तोंड उघडायच्या आत माझ्या मुलीने फोन तिच्या हातात दिला. त्यात दोनशे तरी फोटो असतील. बाईने सगळे पाहिले. मी तीन फोटोंत होते. एकात माझा खांदा, दुसऱ्यात माझ्या मांडीवरच्या पिशव्या, आणि तिसऱ्यात मी सगळी आहे पण डोळे मिटलेले. बाई हसून म्हणाली, "तू गेली होतीस ना नक्की?"

गेले होते. पाच दिवस गेले होते. म्हणून आज सगळे बाहेर गेल्यावर मुलीची जुनी वही घेऊन लिहायला बसले आहे. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, चौथीपर्यंतच शिकले, पण लिहिलं तर मध्ये कुणी तोडत नाही.

मुळात हे बेट त्या बाईनेच आमच्या घरात घुसवलं. ती पुण्याची. तिचा नवरा हिशोबाच्या कामावर आहे आणि दर सुट्टीत ते कुठेतरी जातात. तिथे काय बघायचं आणि काय करायचं याची यादी तिने मुलीला लिहून दिली आणि मुलीने ती फ्रिजवर चिकटवली. हत्तींची आंघोळ, डोंगरावरून सूर्यास्त, रंगीत घरांची जुनी गल्ली, तारेवरून लोंबकळत जंगलावरून जाणं, धबधबा, होडीतून छोटी बेटं, पाण्यात तोंड घालून मासे बघणं. ईदची सुट्टी ठरली, तिकिटं निघाली. मला कुणी विचारलं नाही तुला काय करायचंय. विचारलं असतं तर सांगितलं असतं का, तेही माहीत नाही. पण मला एकच गोष्ट करायची होती. मला एकदा समुद्रात शिरायचं होतं. घोट्यापर्यंत नाही, पूर्ण.

माझं माहेर रत्नागिरीकडच्या खाडीकाठचं. ओहोटी लागली की आईबरोबर आम्ही मुली खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढायला जायचो. भरती अंगावर आली की टोपली पुढे ढकलत पोहत परत यायचं. मला कुणी पोहायला शिकवलेलं आठवत नाही, चालायला कुणी शिकवलं तेही आठवत नाही. चौथीनंतरची शाळा खाडीच्या पलीकडे होती. वडील म्हणाले, मुलीला रोज होडीतून कोण पाठवणार, बुडाली तर? मी ती खाडी पोहून जात होते हे त्यांना माहीत होतं. शाळा सुटली, आणि थोड्या दिवसांनी मोठी झालीस म्हणून पोहणंही सुटलं.

लग्न करून बहरीनला आले. बहरीन म्हणजे अरबीत दोन समुद्र, असं आमचे हे पहिल्याच दिवशी म्हणाले होते. त्या दोन समुद्रांत मी एकोणीस वर्षं घोट्याच्या वर भिजले नाही. सुट्टीच्या दिवशी आमच्या गुदैबिया भागातली आपली दोन-चार घरं मिळून किनाऱ्यावर जातो. चटई, बिर्याणीचं पातेलं, थर्मास. पुरुष आणि पोरं पाण्यात, आणि बायका पातेल्याजवळ. मी उठले की कुणीतरी म्हणतंच, "बस गो, सामानाजवळ कुणीतरी हवं." ते कुणीतरी म्हणजे नेहमी मी, कारण मी नाही म्हणत नाही.

पण बेटावर सामान वेगळं होतं. तिथे पासपोर्ट होते.

ह्यांची पासपोर्टची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हे पहिल्यांदा इथे आले तेव्हा कंपनीने सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात ठेवले होते. त्याच वर्षी गावाला ह्यांची आई गेली. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो सुट्टीवर. पासपोर्ट हातात आला तोवर तिला माती देऊन झाली होती. नोकरी बदलली, पासपोर्ट ह्यांच्या हातात आला, तेव्हापासून तो कुलपात ठेवायचा म्हटलं की ह्यांचा चेहरा बदलतो. हॉटेलच्या खोलीत भिंतीतलं चांगलं लोखंडी कपाट होतं. मुलाने नंबर दाबून उघडून दाखवलं. हे म्हणाले, "बंद होईल आणि उघडणार नाही, मग? पासपोर्ट अंगावर हवा." म्हणून चार पासपोर्ट, चौघांची बहरीनची ओळखपत्रं, परतीची तिकिटं, सगळं एका काळ्या पिशवीत. पिशवीला चेन, चेनीला छोटं कुलूप, किल्ली माझ्या ओढणीच्या टोकाला आणि पिशवी माझ्या गळ्यात. ह्यांच्या गळ्यात का नाही, तर ह्यांना फिरायचं होतं.

मला राग येत होता, पण ह्या माणसाला काय बोलणार? त्याला आईचं तोंड बघायला मिळालं नाही.

पहिल्या दिवशी हत्ती. सगळ्यांनी हत्तींना चिखल चोळला, मग नदीत उभं राहून बादलीने आंघोळ घातली. मुलगी ओरडत होती, हे सुद्धा लहान पोरासारखे हसत होते. मी झाडाखाली चार जोड चपला, दोन चष्मे, टॉवेल आणि पिशवी घेऊन बसले होते. एक लहान हत्तीण माझ्याकडे आली आणि सोंडेने पिशवी हुंगायला लागली. कुणाच्या तरी खिशातली केळी मी त्याच पिशवीखाली धरली होती. मी पिशवी पोटाशी आवळली. नदीतून हे ओरडले, "अगो, पासपोर्ट! पासपोर्ट संभाळ!" माझा पाय हत्तीणीच्या पायाखाली आला असता तरी ह्यांनी हेच म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगीत घरांची गल्ली. घरं खरंच सुंदर, पिवळी, गुलाबी, खिडक्यांना हिरवी दारं. मी एका पिवळ्या भिंतीला टेकून उभी राहिले तर मुलगा म्हणाला, "मम्मी, जरा बाजूला हो ना, बॅगा फ्रेममध्ये येतायत." मी बॅगांसकट बाजूला झाले. संध्याकाळी डोंगरावर सूर्यास्त. शेकडो माणसं समुद्राकडे तोंड करून उभी, आणि आमचे हे माझ्याकडे तोंड करून. "उघड. मोज." मी कुलूप उघडलं. एक, दोन, तीन, चार. मान वर केली तर सूर्य बुडालेला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

तिसऱ्या दिवशी तारेवरचं लोंबकळणं. माझ्या डोक्यावरून माझी दोन मुलं किंचाळत गेली आणि मी खाली त्यांच्या चपला धरून वर बघत राहिले. चौथ्या दिवशी धबधबा. धबधब्याविषयी मला एवढंच सांगता येईल की त्याच्या वाटेवर एक बाकडं आहे आणि त्याचा एक पाय डुगडुगतो.

रोज हॉटेलवर परतताना समुद्र दिसायचा. मी रोज म्हणायची, "जरा थांबूया?" मुलगी म्हणायची, "मॉम, उद्या बोट आहे ना, समुद्र उद्याच आहे." जसं काही समुद्र यादीत यायच्या आधी नव्हताच.

शेवटच्या दिवशी होडी. लांबट लाकडी होडी, पुढच्या टोकाला रंगीत कापडं बांधलेली. आम्ही चौघं आणि होडीवाला, बाकी कुणी नाही. एका लहानशा बेटाच्या आडोशाला त्याने इंजिन बंद केलं. पाणी हिरवं आणि असं स्वच्छ की तळाची वाळू दिसत होती. सगळ्यांनी फोन काढून दिले, मी ते पिशवीत घातले, कुलूप लावलं. मुलं काचेचे चष्मे लावून उडी मारून गेली. हे फुगीर जॅकेट घालून शिडीवरून उतरले, दोरी धरून पाच मिनिटं लटकले, नाकात पाणी गेलं आणि खोकत वर आले. हे डोंगरातल्या गावचे, ह्यांच्या गावात पाणी म्हणजे विहीर.

मी बेटाकडे बघत होते. ओहोटी होती. खडक उघडे पडले होते आणि खडकांवर पांढरं पांढरं काय ते मला इतक्या लांबून ओळखू आलं. कालवं. अगदी तशीच.

मी गळ्यातली पिशवी काढली. "ही धरा."

"का? उलटी येते?"

"नाय. मला पाण्यात जायचंय."

"कुठल्या पाण्यात?"

"ह्या."

हे पाण्याकडे बघायला लागले, जसं तिथे आणखी एखादं असेल. "तुला पोहता येतं?"

"येतं."

"कधीपासून?"

एकोणीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न कधी आला नव्हता, आणि आला तो असा. ओढणी डोक्याला गुंडाळून मागे घट्ट गाठ मारली.

"आणि हे? सामान?"

"तुम्ही आहात की," मी म्हटलं, आणि शिडीला हात न लावता काठावरून तशीच पाण्यात उतरले.

पहिल्यांदा सलवारीत हवा भरली आणि मी पावासारखी फुगले. मग कापड भिजलं, जड झालं, आणि हातापायांना आपोआप आठवलं. मुलगा कुठूनतरी ओरडला, "मम्मी! जॅकेट! मम्मीऽ!" मुलीचा चष्मा कपाळावर, तोंड उघडं. मी पाठीवर झाले. कान पाण्याखाली गेले आणि सगळे आवाज थांबले. तेवढ्यासाठी सुद्धा मी पुन्हा हत्तीणीपुढे बसेन.

मग खडकाकडे पोहत गेले. मागून ह्यांचा आवाज येत होता. कानात पाणी, नीट ऐकू येईना. मी वळून पाहिलं तर हे होडीत उभे, पिशवी छातीशी, हात हलवत ओरडतायत, "किल्ली! किल्ली!"

मला इतका संताप आला. बायको पहिल्यांदा पाण्यात उतरली आहे आणि ह्या माणसाला किल्ली हवी. मी मुद्दाम आणखी पुढे गेले. खडकाला हात लावला, कालवाच्या धारेने बोट कापलं, तरी हात काढला नाही. मग हळूहळू, हवा तेवढा वेळ लावून परत आले.

हे घामाघूम होऊन बसले होते. पिशवीचा पट्टा मानेवर रुतून लाल रेघ उठली होती.

"किल्ली कशाला हवी होती?" मी विचारलं. "पासपोर्ट कुठे पळाले असते?"

हे म्हणाले, "फोन आत होते." मग पट्टा मानेवरून काढत म्हणाले, "तुझा फोटो काढणार होतो."

किल्ली माझ्या डोक्यावर, ओढणीच्या गाठीत होती.

तर परवा मी हिंमत करून त्या बाईला म्हटलं, "मी पोहले तिथे." बाईने चहाचा कप खाली ठेवला. "तू? समुद्रात? फोटो दाखव." मी म्हटलं फोटो नाही. बाई मुलीकडे बघून डोळे मिचकावत हसली, "हो का! मग मी पण हत्तीवरून उडी मारली होती." मी बोट पुढे करणार होते, पण ती जखम आता भरत आली आहे, आणि दाखवून तरी काय, भाजी चिरतानाही तशी होते.

पलीकडे हे टीव्ही बघत बसले होते. मान न वळवता म्हणाले, "पोहली ती. मी बघितलंय."

बाईने ह्यांच्याकडे वळून पाहिलं. मुलीनेही. मी उगाच रिकामे कप उचलले आणि स्वयंपाकघरात गेले.

मागून ह्यांचा आवाज आला, "अगो, ती काळी पिशवी कुठे ठेवलीस? चारही आहेत ना, जरा मोजून ये."