उशाशी बँड

आमच्या जिल्ह्यात त्या बँडचं नाव न ऐकलेला माणूस सापडणार नाही. लग्न ठरलं की पाहुणे आधी विचारायचे, "बँड कोणता?" आणि त्याचं नाव निघालं की पुढची बोलणी सोपी व्हायची. मुहूर्त काढायच्या आधी त्या बँडवाल्यांना तारीख विचारून घेणारी घरं मी पाहिली आहेत. लाल कोट, सोनेरी झालर, सगळ्यांच्या पुढे क्लॅरिनेटवाला, मागे ट्रम्पेट, ढोल, झांजा आणि ढकलगाडीवर बांधलेले कर्णे.

माझे वडील वर्ध्यात गाणं शिकवायचे. शाळेत संगीताचे शिक्षक आणि संध्याकाळी घरी शिकवणी. पुढच्या खोलीत सतरंजी, दोन तंबोरे, एक पेटी. वरात रस्त्याने आली की बाबा स्वतः उठून खिडक्या लावायचे. "भांडी घासायला निघाले," असं म्हणायचे. विद्यार्थी हसायचे. मी गाल फुगवून, डोळे बाहेर काढून क्लॅरिनेटवाल्याची नक्कल करायचो, तेव्हा बाबाही हसायचे. माझ्या एखाद्या गोष्टीवर ते हसले, असं दुसरं काही मला आठवत नाही. त्यामुळे मी ती नक्कल फार मेहनतीने बसवली होती.

ताई माझ्यापेक्षा मोठी. एकदा ओसरी झाडताना ती त्या बँडची एक धून गुणगुणत होती. शेजारपाजारच्या सगळ्याच मुली गुणगुणायच्या. बाबांनी तिला आत बोलावलं, विद्यार्थ्यांसमोर बसवलं आणि म्हणाले, "गा. आत्ता गात होतीस ते गा."

बाबांनी पेटीवर सूर धरला. मग ती गायली. प्रत्येक ओळीनंतर बाबा तिला थांबवायचे आणि एकेका विद्यार्थ्याला विचारायचे, "काय चुकलं? सांग." मुलांनी आधी बिचकत सांगितलं, मग चढाओढीने. शेवटी बाबा म्हणाले, "हिच्या गळ्यात दोष नाही. कानातच घाण आहे. घाण असलेल्या कानात मी गाणं ओतणार नाही." त्या दिवसानंतर ताई शिकवणीला बसली नाही. ती विद्यार्थ्यांना पाणी आणून द्यायची, आणि भांडं वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी धरायची.

तिचं लग्न नाचणगावला ठरलं. शेतीवाडीचं घर, बोलायला मोकळी माणसं. त्यांनी हौसेने तोच बँड केला. आमचं कार्यालय जवळ आलं तशी वरात रंगात आली. नवरदेवाचे काका घोड्यापुढे नाचत होते. बाबा कार्यालयाच्या फाटकात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

"हे बंद करा."

काकांना वाटलं, काही अपघात झाला. त्यांनी बँड थांबवला. "काय झालं, मास्तर?"

"माझ्या दारात हा गोंगाट नको. आत यायचं तर माणसांसारखे या."

फाटकाबाहेर इतकी शांतता झाली की घोड्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. काका घाम पुसत उभे होते. क्लॅरिनेटवाल्याने वाद्य काखेत धरलं आणि तो बाजूला झाला. नवरदेव घोड्यावरून उतरला आणि ती सगळी माणसं, नवे कपडे घातलेली, मुकाट्याने चालत आत आली. नवरदेवाची आई सगळ्यात शेवटी आली. तिने बाबांना खाली वाकून नमस्कार केला.

तो अपमान तिने राखून ठेवला आणि मग ताईला दिला. घरात कुणाचंही लग्न निघालं, की ती सगळ्यांसमोर म्हणायची, "तू राह्य घरी. तुले बाजाचा त्रास होते. मास्तरची पोरगी हायेस तू." सगळं घर नटूनथटून जायचं आणि ताई गुरांना चारा घालत मागे राहायची. नवरा तिला नावाने हाक मारत नसे. "ओ मास्तरीण, भाजीत मीठ बेसूर झालं," म्हणायचा आणि सगळी पंगत हसायची. सणाला माहेरी आली तेव्हा तिने हे बाबांना सांगितलं. मी तिथेच होतो. बाबा तंबोऱ्याची तार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "मग तक्रार कसली? तुला तर तेच वाजंत्री आवडायचं."

पुढे नवऱ्याने दुसरी बायको केली. मूल नाही, हे कारण सांगितलं. देवळात माळा घातल्या आणि भरदुपारी वाजतगाजत तिला घरी आणलं. बँड तोच. सासूने ताईच्या हातात ओवाळणीचं ताट दिलं होतं. हे तिने मला नंतर सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. "दारात उभी होती मी," ती म्हणाली. "लई वेळ वाजवलं त्यायनं. मी पुरं ऐकलं."

ती परत आली ती एक पिशवी घेऊन. तिची बोलीही नाचणगावची झाली होती. लहानपणी घरात "मले" म्हटलं तर बाबा उपाशी ठेवायचे. आता ती त्यांच्यासमोर मुद्दाम, ठासून बोलायची. "मले भूक नाई. तुमी जेवून घ्या." बाबा ताट सोडून उठायचे. ती त्यांचं ताट शांतपणे झाकून ठेवायची.

मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. फक्त एक आवाज राहिला, "अं"सारखा, तोही नाकातून. शिकवणी बंद झाली. पुढच्या खोलीत, जिथे सतरंजी असायची, तिथे त्यांची खाट टाकली. मी शाळेत नोकरीला होतो, लग्न केलं नव्हतं. बाबांचं सगळं ताईच करायची. आणि नीट करायची, हे कबूल केलं पाहिजे. त्यांच्या अंगाला कधी वास आला नाही, पाठीला कधी जखम झाली नाही. नखं कापलेली, दाढी केलेली, चादर ताणलेली.

एके दिवशी सकाळी तिने त्यांचं अंग पुसलं, खीर भरवली, तोंड पुसलं आणि उशाशी एक छोटा स्पीकर ठेवला. मोबाईलवर तिने काहीतरी शोधलं. मला आतल्या खोलीत ढोलाचा पहिला ठोका ऐकू आला आणि मी धावत बाहेर आलो.

तोच बँड. कुणीतरी कुठल्यातरी वरातीत उभं राहून घेतलेलं रेकॉर्डिंग. बाबांनी डोळे विस्फारले. त्यांनी मान भिंतीकडे वळवायचा प्रयत्न केला. ती अर्धी वळली आणि तिथेच अडली.

"ताई, बंद कर ते."

"काऊन? तुले त्रास होते?"

"त्यांना होतोय. दिसत नाही तुला?"

"दिसते ना." तिने चादरीचं टोक नीट खोचलं. "तुले त्रास होत असन तर तू बाहेर जा. तुले जाता येते."

मी स्पीकर उचलू शकलो असतो. तिने अडवलं नसतं. पण मी डबा घेतला आणि शाळेत गेलो.

मग ते रोज सुरू झालं. आंघोळीनंतर आणि दुपारच्या जेवणानंतर. डॉक्टर तपासायला आले तेव्हाही चालू होतं. ते खूश झाले. म्हणाले, "फार छान. संगीत ऐकवत राहा, पेशंटला बरं वाटतं. अशी मुलगी नशिबाने मिळते." ताईने त्यांना चहा दिला. बाबांनी डॉक्टरांकडे पाहून आवाज काढला. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "आवडतंय ना? ऐका, ऐका."

सुट्टीत मला ते सगळं ऐकावं लागे. आमचं घर लहान, पळून जायला जागा नाही. मी वह्या तपासत बसायचो आणि बाबांच्याच कानांनी चुका काढायचो. ट्रम्पेट उतरलेला आहे. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट एका पट्टीत नाहीत. झांजवाला घाई करतो. या चुका काढण्यात मला बरं वाटायचं. बाबांच्या वतीने मी काहीतरी करतो आहे असं वाटायचं.

पण एकच गोष्ट रोज ऐकली की कान स्वतःच पुढे जाऊन बसतो. एका दुपारी मी लाल पेन हातात धरून थांबलो. धून सुरू व्हायच्या आधी क्लॅरिनेट एकटंच वर चढत होतं. ढोल थांबला होता. क्लॅरिनेटवाल्याने एक सूर घेतला, खालून, घासत, जरा वाकडा, आणि तो सरळ करायची काही घाई न करता तिथेच धरून ठेवला. मागे कुणीतरी शिट्टी मारली, कुठेतरी गाडीचा हॉर्न वाजला. त्या सगळ्यातून तो सूर जात राहिला. मग अचानक सोडला आणि सगळा बँड त्याच्या अंगावर कोसळला. माझ्या हातावर काटा आला. मला स्वतःचा इतका राग आला की मी वही फाडली. कुणा मुलाची होती ती.

त्यानंतर मी वाट पाहू लागलो. ते रेकॉर्डिंग लागलं की काहीतरी निमित्त काढून पुढच्या खोलीजवळ बसायचो. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या भावाचं केळझरला लग्न होतं आणि बँड हाच होता, तर मी न बोलावता गेलो. वरातीच्या मागे मागे चाललो. तिथे मला कळलं की हे गाणं बसून ऐकायचं नाहीच. एका वळणावर ट्रॅक्टर आडवा आला आणि वरात अडकली. क्लॅरिनेटवाल्याने मागे न बघता धुनेची शेवटची ओळ पुन्हा धरली, मग पुन्हा, दर वेळी जरा वेगळी. म्हाताऱ्या बायका कमरेवर हात ठेवून डोलत होत्या. ट्रॅक्टर बाजूला झाला आणि तेव्हाच त्याने ओळ संपवली. बाबांच्या बैठकीत एखादं मूल शिंकलं तरी गाणं थांबायचं. इथे उन्हात, धुळीत, नाचणाऱ्यांचे धक्के खात ते चालू होतं. वर्षानुवर्षं मी गाल फुगवून ज्याची नक्कल केली, त्याच्या गालांकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. तो श्वास किती बेताने खर्च करत होता!

मी हे घरी सांगितलं नाही. कुणाला सांगणार होतो?

आणि मग ती दुपार आली. ताईने स्पीकर लावला, मी दारात होतो. क्लॅरिनेट वर चढू लागलं तशी चादरीवर बाबांच्या डाव्या हाताची बोटं हलली. ती उघडत होती, मिटत होती, सुराबरोबर. चेहऱ्यावर कसलाच भाव नव्हता. ते ऐकत होते की सहन करत होते, याची मला आजही खात्री नाही. पण ताईने ती बोटं पाहिली. बराच वेळ पाहिली. मग वाकून तिने स्पीकर बंद केला.

"आवडाले लागलं यायले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने काही लावलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाबा स्पीकरकडे बघायचे आणि तो आवाज काढायचे. "अं." ताई ताट खाली ठेवायची, त्यांच्या तोंडाजवळ कान न्यायची आणि अगदी शांतपणे विचारायची, "काय पाह्यजे? नीट बोला ना. शुद्ध बोला."

"अं."

"चुकलं. पुन्हा म्हणा."

मी तिला एकदाच म्हटलं, "पुरे कर आता." ती माझ्याकडे वळली. "तवा म्हणाले पाह्यजे होतं तुनं," ती म्हणाली. "मी गात होती तवा. तूबी सांगतलं होतं ना, काय चुकलं ते?" सांगितलं होतं. दुसऱ्या ओळीतला गंधार चढा लागला होता, असं मी म्हटलं होतं. बरोबर उत्तर होतं ते.

ती बाजारात गेली की मग मी माझ्या मोबाईलवर लावायचो. अगदी हळू आवाजात, त्यांच्या कानाशी. आम्ही दोघं ऐकायचो. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळायचो आणि तेही माझ्याकडे बघत नसत. फाटकाची कडी वाजली की मी बंद करायचो. असं किती वेळा झालं असेल? फार नाही. उन्हाळा लागायच्या आत बाबा गेले. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी येऊन भजनं म्हटली. कुठलाही सूर चुकला नाही. ताई भिंतीला टेकून बसली होती, रडली नाही.

आम्ही दोघं त्याच घरात राहतो. गेल्या आठवड्यात ती मेथी निवडत होती, मी समोर बसलो होतो. म्हटलं, "ताई, जामला लग्न आहे एक. तो बँड येणार आहे. चल माझ्याबरोबर. हायवेवर गाड्या थांबवून वाजवतात म्हणे. लहानपणी तुला इतका आवडायचा."

"मले?" तिने वर पाहिलं. "मले कदीच नाई आवडला तो."

"मग गुणगुणायचीस ते?"

"सगळ्या पोरी गुणगुणत, म्हणून मीबी." तिने एक पिवळं पान काढून बाजूला टाकलं. "मले बाबाचं गाणं आवडे. पहाटे ते एकटे गात ना, तवा मी गोधडीत जागी राहून ऐको. मले ते शिकाचं होतं."

तिने जुडी झटकली, माती खाली कागदावर पडली. मग ती म्हणाली, "तू जा. येताना कोथिंबीर घेऊन येजो."

मी गेलो. जामच्या चौकात ट्रकांची रांग लागली होती आणि लाल कोटवाले रस्त्याच्या मधोमध उभे होते. मी कुणाचाच पाहुणा नव्हतो. क्लॅरिनेटने पहिला सूर घेतला आणि तो पहिल्यासारखाच सुंदर होता. मी शेवटपर्यंत थांबलो.