लू साहेबाची सायकल आणि माझी बस

लू साहेब उभ्या सायकलवर कधीच बसला नाही. हँडल धरून आधी तिच्याबरोबर थोडा पळायचा, डावा पाय पेडलवर टाकायचा आणि सायकलने वेग धरला की उजवी तंगडी मागच्या कॅरिअरवरून फिरवून अलगद सीटवर. साठीला टेकलेला माणूस. उतरायचाही तसाच, चालत्या सायकलवरून उतरून तिच्याबरोबर चालत गेटात शिरायचा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात सायकल म्हणजे कॅफेटेरियाच्या चहावाल्याची. तिथे आमच्या कारखान्याचा नवा प्रॉडक्शन मॅनेजर सायकलवरून आला. मी ते बसच्या सीटवरून पाहिलं आणि पोटभर हसलो.

साहेब म्हणायची सवय लागली म्हणून साहेब म्हणतो, आदर वगैरे काही नाही. नाव लू. हिंदीत लू म्हणजे उन्हाळ्यातला भाजून काढणारा वारा, आणि आमच्यातल्या यूपीच्या पोरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सावंतभाई, नाम ही लू है, काम क्या ठंडा करेगा?" त्यांचं खरं ठरलं.

मी या कंपनीचा बस ड्रायव्हर. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या-दरवाजे बनवणारा कारखाना, आणि तिथून जवळच कामगारांचा कॅम्प. सकाळी पोरांना आणायचं, संध्याकाळी सोडायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण इथे हेवी बसचं लायसन्स काढणं म्हणजे काय, ते ज्याने काढलंय त्याला विचारा. टेस्ट घेणारा साहेब शेजारी बसतो, तोंडातून शब्द काढत नाही, आणि शेवटी कागदावर फुली मारून उतरून जातो. मी इतक्यांदा नापास झालो की ड्रायव्हिंग स्कूलचा चहावाला मला नावाने ओळखायला लागला. पास झालो तेव्हा बायकोने कणकवलीत अख्ख्या आळीला पेढे वाटले. त्या लायसन्सवर माझा व्हिसा, आणि त्या व्हिसावर माझ्या दोन मुलींची कॉलेजं.

लू साहेबाने आल्या आल्या काय केलं, तर कॅम्पपासून कारखान्यापर्यंत सायकलने दोनदा जाऊन आला आणि ऑफिसला म्हणाला, "कॅम्प नियर. लेग हॅव. व्हाय डिझेल?" पाय आहेत तर डिझेल कशाला. ऑफिसातल्या लोकांना असलं वाक्य कुणीतरी बोलायचीच वाट असते. चीनहून येणाऱ्या मालाच्या कंटेनरमधून काळ्या सायकली आल्या, पुढे जाळीची टोपली, मागे कॅरिअर, आणि खणखणीत घंटी. ऑफिसने ठरवलं, थंडीभर सायकली चालवून बघायच्या. जमलं तर बस विकायची आणि ड्रायव्हरची पोस्ट बंद. हे मला एचआरच्या मल्याळी बाईने अगदी गोड आवाजात सांगितलं. "तोवर सावंत, तू ट्रान्सपोर्ट लीडर."

लीडर म्हणजे काय, तर अंगात पिवळं जॅकेट घालून सगळ्यांच्या पुढे सायकल मारायची. यार्डातल्या कोपऱ्यात माझी बस धूळ खात उभी, आणि मी हेवी लायसन्सवाला माणूस टोपलीच्या सायकलवर. गावाकडचं कुणी बघायला नव्हतं, एवढंच नशीब. मी रोज सकाळी देवाला हात जोडून एकच मागायचो, या चिन्याचा डाव फसू दे.

डाव फसणार नाही याची त्याला खात्री होती, कारण तो चीनमधल्या तिएनजिन शहराचा. त्याच्या तोंडी सदानकदा तिएनजिन. जेवायला बसला की मोबाईल काढून फोटो दाखवायचा. त्याच्या लहानपणी म्हणे तिथे रस्त्याचा निम्मा भाग सायकलींचाच होता. सिग्नल सुटला की शेकडो सायकली एकदम निघायच्या, आणि त्यात कुणी कुणाला धडकत नसे. बाप पुढे, आई मागे, पोर मधे. थंडीच्या आधी लोक वर्षाची कोबी सायकलवरून घरी न्यायचे. लग्न ठरलं की मुलाकडून सायकल, शिलाई मशीन आणि मनगटी घड्याळ यायलाच हवं. कोपऱ्याकोपऱ्यावर पाण्याचं घमेलं घेऊन बसलेला पंक्चरवाला. आता तिथे विजेच्या स्कूटर आणि भाड्याच्या रंगीत सायकली झाल्यात, वापरून झाल्या की लोक फुटपाथवर टाकून जातात, हे सांगताना त्याचा चेहरा कुणी घरातलं गेल्यासारखा व्हायचा. "फोन ओपन, राइड, थ्रो," म्हणायचा. "नो लव्ह."

मी एकदा तोंडावर म्हटलं, "साहेब, हमारे यहाँ भी साइकिल थी. हमने छोड़ दी." त्याला कळलं नाही. मान हलवून "गुड, गुड" म्हणाला. रागावायचीसुद्धा सोय नाही असल्या माणसावर.

सायकल चालवायचे त्याचे नियम होते. "नो लुक मॅन. लुक गॅप." माणसाकडे बघायचं नाही, माणसांमधल्या फटीकडे बघायचं, माणूस घाबरतो, फट घाबरत नाही. "बस मॅन स्लीप, सायकल मॅन वेक." हे तर सरळ मला टोचून होतं, कारण माझ्या बसमध्ये पोरं झोपायची. झोपेनात का? बारा तास काच उचलणारा माणूस बसमध्ये डोळा लावतो, त्यात यांच्या पोटात काय दुखतं? आणखी एक म्हणजे सगळ्यांनी घोळक्यानेच जायचं. एकटा सायकलवाला मोटारींना दिसत नाही, घोळका दिसतो. म्हणून मी पुढे, पोरं मधे आणि हा सगळ्यांच्या मागे.

आणि मागून ओरडायचा. "मान, मान! मान मान!" जरा मोकळा रस्ता आला, पोरांनी जरा पाय मारले, की याचं सुरू. हिंदीत 'मान' म्हणजे काय ते शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ऐक, कबूल कर, मुकाट्याने मान. आमच्यात घाडी म्हणून काचेचा फिटर होता, माझ्याच बाजूच्या गावचा. तो चिडून लाल व्हायचा. "सावंता, हो मेलो आमका रोज काय मान मान करता? आम्ही तेच्या बापाशीचे गडी की काय?" मग तो दात-ओठ खाऊन आणखी जोरात पाय मारायचा, आणि त्याचं बघून सगळेच. घे, मानलं, आता गाठ आम्हाला. मागून लू साहेब आणखी ओरडायचा, "मान मान मान मान!" आणि आम्ही आणखी सुसाट. गेटाशी पोचायचा तेव्हा धापा टाकत असायचा, टक्कल घामाने चमकत असायचं, आणि आमच्याकडे असा बघायचा की जणू वेड्यांच्या इस्पितळात नोकरी लागलीय. आम्हाला त्यात फार बरं वाटायचं. दिवसातली तेवढीच आमची जीत.

त्याचा राग यावा असं बाकी रोज काहीतरी असायचंच. पेंढ्यात ठेवलेली काच तो स्वतः पुसून बघायचा आणि डाग दिसला की परत पाठवायचा. चहा प्यायचा नाही, गरम पाणी प्यायचा, शारजात, गरम पाणी. डिसेंबरात एकदा पॅकिंगच्या फोमचे हातमोजे शिवून आणले आणि हँडलना बांधले. तिएनजिनला असेच बांधतात म्हणे, तिथे बर्फ पडतो. इथे कोण थंडीने मरतंय? पण घाडीने ते काढले नाहीत. "ऊब येता रे," म्हणाला. मला तेही आवडलं नाही.

जानेवारीत एके सकाळी धुकं पडलं. इथलं धुकं पडतं तेव्हा समोरच्याची पाठ दिसत नाही. बस असती तर मी हेडलाइट लावून दहाच्या वेगाने रांगत गेलो असतो, आणि पोरं आत झोपली असती. आम्ही सायकलींवर होतो. मी राउंडअबाऊट ओलांडून पलीकडे गेलो आणि थांबलो, माझ्या मागोमाग घाडी ओलांडायला निघाला. तेवढ्यात डावीकडून सळया लादलेला ट्रेलर आला. मागून लू साहेबाला त्याचे दिवे दिसले असणार, कारण तो असा ओरडला की मी आजही तो आवाज विसरलो नाही. "मान! मान मान!"

आणि घाडीने मान खाली घालून जीव खाऊन पाय मारले.

ट्रेलरच्या मागच्या चाकाने सायकल ओढली. घाडी वाचला, पण पाय गुडघ्याखाली मोडला, दोन ठिकाणी. आम्ही धावलो, तोवर लू साहेब रस्त्यावर बसला होता, घाडीचं डोकं मांडीवर घेऊन, आणि हळू आवाजात म्हणत होता, "मान मान, मान मान." मनात म्हटलं, अजून? अजून मानायला लावतोस? याच्या तोंडात शिरा पडो.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी त्याची कॉलर धरली. सरळ धरली. "क्या मान मान? क्या मनवाना है तेरे को? बोल." तो मला ढकलूही शकला असता, पण त्याने फक्त खिशातून मोबाईल काढला, तोंडाशी धरला आणि तेच दोन शब्द बोलला. फोनमधल्या बाईने स्वच्छ हिंदीत सांगितलं, "धीरे-धीरे." माझा विश्वास बसला नाही. मी फोन त्याच्या तोंडाशी नेला, परत बोल म्हणून खूण केली. "धीरे-धीरे," बाई म्हणाली. सावकाश. फोनवरूनच त्याने पुढे सांगितलं, त्याच्या गावात सायकलवर निघालेल्या माणसाला आई हेच सांगते, बायको हेच सांगते, मास्तर हेच सांगतो.

मी कॉलर सोडली. मग त्याच फोनवर मी त्याला सांगितलं, आमच्याकडे मान म्हणजे काय, आणि आम्हाला काय वाटायचं. फोनने चिनीत सांगितलं. लू साहेब बाकावर बसला.

मी आत जाऊन घाडीला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तसाच म्हणाला, "म्हणजे तो हळू म्हणी होतो, आणि मी रागान पळयलंय." माझ्याकडे न वळताच पुढे म्हणाला, "सावंता, दोष तेच्या डोक्यार घालू नको."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चौकशी. सेफ्टीचा मॅनेजर इजिप्शियन, तापट माणूस. पोरांनी त्याला आधीच सांगितलं होतं, हा चिनी रोज मागून हाकतो, फास्ट फास्ट करतो. त्याने मला विचारलं, "सावंत, यू आर लीडर. ही वॉज शाउटिंग फास्ट? येस ऑर नो?"

येस म्हटलं असतं की लू साहेब खलास, सायकली भंगारात, आणि उद्या सकाळी माझी बस रस्त्यावर. एक शब्द. देवाकडे मी रोज जे मागत होतो ते ताटात वाढून समोर आलं होतं, आणि खोटं सांगतो सांगतो म्हणून जीभ टाळूपर्यंत गेलीही होती. लू साहेब समोर उभा होता, माझ्याकडे बघतही नव्हता. त्याच्याबद्दल मला काडीचं प्रेम नव्हतं. पण घाडीचं ते भिंतीकडचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. मी म्हटलं, "नो सर. स्लो. ही वॉज सेइंग स्लो. वी अंडरस्टँड राँग."

मग लू साहेब बोलला. त्याचं इंग्लिश तेवढंच. "तिएनजिन रोड नो सायकल. हिअर रोड डोंट नो. माय मिस्टेक. गिव्ह बस." तिथल्या रस्त्याला सायकल माहीत आहे, इथल्या रस्त्याला नाही. बस द्या. मला तेव्हा वाटलं, वाचलो.

ऑफिसने बस दिली. माझी नाही, कंत्राटदाराची. बस त्याची, ड्रायव्हर त्याचा, कंपनीला कटकट नको. माझी बस विकली, सायकली विकल्या, आणि त्या गोड आवाजाच्या बाईने मला व्हिसा कॅन्सलच्या कागदावर सही करायला दिली. लू साहेबाची नोकरी राहिली. खरं बोलल्याचं हे बक्षीस. घाडीला कंपनीने बरा झाल्यावर गावी पाठवला. तो लंगडतो, पण चालतो.

निघायच्या सकाळी मी बॅग घेऊन गेटाबाहेर आलो. टॅक्सी मिळायला हमरस्त्यापर्यंत चालायला हवं. लू साहेब गेटाबाहेर थांबला होता, स्वतःची सायकल घेऊन. ती तेवढी विकलेली नव्हती. माझी बॅग त्याने न विचारता टोपलीत ठेवली, कॅरिअरवर हात आपटला आणि म्हणाला, "सिट. मॅन गो होम, नो वॉक." गावी निघालेल्या माणसाला त्यांच्याकडे चालत जाऊ देत नाहीत म्हणे.

मी त्याला मराठीतच सांगितलं. म्हटलं, "तुझ्यामुळे माझी बस गेली. तुझ्या फोमच्या मोज्यांनी, तुझ्या गरम पाण्याने, तुझ्या तिएनजिनने माझं डोकं उठवलं. मी तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही." त्याने फोन काढला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि परत कॅरिअरवर हात आपटला.

मी हँडल त्याच्या हातातून घेतलं. म्हटलं, "हटो. ड्रायव्हर मैं हूँ. पीछे तू बैठ."

तो बसला. दोन्ही पाय एका बाजूला टाकून, बायका बसतात तसा, माझ्या कमरेचा पट्टा धरून. मी हमरस्त्यापर्यंत सायकल मारली. कंपनीतली माझी शेवटची फेरी ती. प्रवासी एकच, आणि तोही नावडता, पण मी त्याला एक गचका बसू दिला नाही.